पायऱ्या कोणी ओतल्या? युनियन बर्लिनच्या मैदानाची गोष्ट, आपल्या गावच्या क्लबांसाठी

गावच्या फुटबॉल क्लबाच्या सभेत मैदानाचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत तीन नावं पुढे येतात. आमदार, गावातून बाहेर जाऊन मोठा झालेला एखादा उद्योजक, आणि मुंबईला किंवा आखातात असलेली आपली माणसं. कोकणात चाकरमानी म्हणतात, गोव्यात त्यात बोटीवर कामाला गेलेले जोडले जातात. मग यादी होते, पावतीपुस्तक छापलं जातं, आणि बहुतेक ठिकाणी जेसीबीच्या दोन दिवसांपुरते पैसे जमून काम थांबतं. पुढच्या पावसात भरावाची माती वाहून जाते. वर्गणी दिलेला माणूस पुढच्या वर्षी दार उघडायला जरा वेळ लावतो.

असं का होतं याचा विचार करताना मला एक जर्मन क्लब वारंवार आठवतो: युनियन बर्लिन. हा खेड्यातला क्लब नव्हे, हे आधीच सांगतो. पण ज्या काळाबद्दल इथे लिहितो आहे त्या काळातली त्याची अवस्था आपल्या कुठल्याही गावच्या क्लबाला ओळखीची वाटेल. जागा सरकारी, मैदान मोडकळीला आलेलं, तिजोरी रिकामी, संघटनेची दरवर्षी ताकीद, आणि आसपासची माणसं कष्टकरी, ज्यांच्या खिशात फारसं काही नाही. अशा क्लबाने पाच-सात वर्षांत आपलं मैदान स्वतःच्या माणसांच्या हातून उभं केलं. त्यासाठी त्यांनी तीन वेळा लोकांपुढे हात पसरला आणि तिन्ही वेळा वेगळी गोष्ट मागितली. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

जागा आणि माणसं

बर्लिनच्या आग्नेय टोकाला, श्प्रे आणि डाहमे या नद्यांच्या संगमाजवळ क्योपेनिक नावाचा भाग आहे. राजधानीचा हिस्सा असला तरी आजूबाजूला पाणी आणि झाडी. मैदान वुलहायडे नावाच्या रानाच्या कडेला आहे, आणि त्याचं नावच 'आल्टे फोर्स्टेराय', म्हणजे वनपालाचं जुनं घर. ते घर आजही मैदानाशेजारी उभं आहे. इथे फुटबॉल १९२० पासून चालतो. उद्घाटनाला त्या काळचा जर्मन विजेता न्यूर्नबर्ग आला होता.

क्लबाची मुळं शेजारच्या ओबरशोनेवायडे या कारखान्यांच्या वस्तीत, १९०६ सालात. तिथे केबल तयार होत, धातूकाम चाले. मैदानात आजही 'आयझर्न युनियन', म्हणजे लोखंडी युनियन, अशी आरोळी उठते, ती त्या कामगारांमुळे. पूर्व जर्मनीच्या काळात सत्तेचा लाडका क्लब दुसराच होता. बीएफसी डायनामो हा गुप्त पोलिसांचा संघ, आणि त्याने १९७९ ते १९८८ अशी ओळीने दहा अजिंक्यपदं घेतली. युनियनला एकदा, १९६८ मध्ये, चषक मिळाला. त्यामुळे वरून काही मिळणार नाही ही सवय इथल्या माणसांना आधीपासूनच होती.

जर्मनीचं एकत्रीकरण झाल्यावर कारखाने बंद पडत गेले आणि क्लबाचे हाल वाढले. १९९३ मध्ये संघ मैदानावर वरच्या श्रेणीसाठी पात्र ठरला, पण क्लबाने दाखल केलेली बँक हमी बनावट निघाली आणि परवाना गेला. पुढच्या वर्षी कर्जापायी पुन्हा परवाना नाकारला गेला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. आज युनियनबद्दल लिहिताना लोक थेट श्रमदानाच्या गोष्टीवर येतात. त्याआधी या क्लबाच्या कागदपत्रांवर कोणी विश्वास ठेवू नये असा एक काळ होऊन गेला होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडेही 'मागच्या कमिटीने हिशेब दिला नाही' या एका वाक्यावर किती मैदानं अडलेली आहेत, ते ज्याने सभा पाहिल्या आहेत त्याला माहीत असतं.

मैदानाची अवस्था अशी: तीन बाजूंना उभं राहून सामना बघायच्या पायऱ्या, वर छप्पर नाही, काँक्रीट फुटलेलं, फटींतून गवत. जर्मन फुटबॉल संघटना दरवर्षी अपवाद म्हणून परवानगी द्यायची आणि दरवर्षी सांगायची की हे कायम चालणार नाही.

पहिली मागणी: रक्त

२००४ च्या उन्हाळ्यात युनियन दुसऱ्या श्रेणीतून घसरून तिसऱ्या श्रेणीत आला. तिथे खेळायचा परवाना हवा तर १४ लाख ६० हजार युरोंची रोख तरतूद दाखवा, अशी अट संघटनेने घातली. मुदत थोडी होती. नापास झाले असते तर क्लब हौशी संघांच्या गर्दीत गेला असता, कदाचित संपलाच असता.

तेव्हा समर्थकांनी जी मोहीम काढली तिचं नाव होतं 'युनियनसाठी रक्त सांडा', आणि ते शब्दशः खरं होतं. जर्मनीत रक्तदात्याला छोटा मोबदला मिळतो. लोक रक्तपेढ्यांत गेले, रक्त दिलं, आणि मिळालेले पैसे क्लबाला दिले.

एका माणसाच्या रक्तदानाचा मोबदला म्हणजे मोजकेच युरो. त्यातून चौदा लाख उभे राहणं शक्यच नव्हतं, आणि ते तसे राहिलेही नाहीत. देणग्या आल्या, मोठ्या रकमाही आल्या, आणि परवाना मिळाला. मग रक्ताचं काम काय झालं? माझं वाचन असं आहे: ज्याच्याकडे द्यायला पैसे नव्हते त्याला दारातून परत पाठवावं लागलं नाही. बेरोजगार झालेला केबल कामगारसुद्धा म्हणू शकला की मी दिलं. आपल्या वर्गणीच्या यादीत 'रुपये शंभर' लिहिणारा माणूस नाव वाचून दाखवताना मान खाली घालतो. तिथे तसं झालं नाही. शिवाय ज्यांच्याकडे मोठी रक्कम होती, त्यांना आपली रक्कम कोणाच्या सोबतीने पडते आहे ते दिसलं.

हा मार्ग आपल्याकडे जसाच्या तसा आणायचा नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. भारतात रक्ताचा मोबदला घेणं बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली, आणि ती योग्यच आहे. घेण्यासारखी आहे ती मागणीची रीत. समोरच्याच्या हातात जे आहे तेच मागायचं.

त्याच सुमाराला, जुलै २००४ मध्ये, डिर्क त्सिंगलर क्लबाचे अध्यक्ष झाले. स्वतः जुने समर्थक, आणि धंदा बांधकाम साहित्याच्या वाहतुकीचा. हा योगायोग पुढे फार कामी आला. गावच्या कमिटीत वाळू-खडीच्या व्यवहारातला एक प्रामाणिक माणूस असणं म्हणजे काय, हे ज्यांनी एखादं मंदिर किंवा शाळेची खोली बांधली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मैदानावर मात्र लगेच काही सुधारलं नाही. २००५ मध्ये संघ आणखी एक पायरी घसरून चौथ्या श्रेणीत गेला. पैसे जमले म्हणून खेळ सुधारत नाही. पण क्लब जिवंत राहिला, आणि २००६ मध्ये पुन्हा वर आला.

दुसरी मागणी: घाम

२००८ मध्ये जर्मनीत तिसऱ्या श्रेणीची नवी राष्ट्रीय साखळी सुरू झाली आणि युनियन तिच्यात पोचला. आता जुन्या पायऱ्यांवर अपवादाची परवानगी चालणार नव्हती. शहराकडे पैसा नव्हता, क्लबाकडे त्याहून कमी.

इथे जमिनीबद्दल थोडं थांबतो, कारण गावच्या क्लबांना यातून सर्वांत जास्त शिकायला मिळेल. जागा सार्वजनिक मालकीची. जर्मन कायद्यात १९१९ पासून एक सोय आहे: जमीन मूळ मालकाचीच राहते, पण तिच्यावर बांधण्याचा आणि बांधलेलं स्वतःच्या मालकीचं ठेवण्याचा हक्क दुसऱ्याला कित्येक दशकांसाठी मिळतो. त्याची रीतसर नोंद होते, आणि त्या हक्कावर बँक कर्जही देते. युनियनच्या स्टेडियमचं काम या मार्गाने मार्गी लागलं. क्लबाने स्टेडियमसाठी वेगळी कंपनी केली आणि मैदानाचा कारभार खेळाच्या कारभारापासून बाजूला काढला. संघ हरला, घसरला, खेळाडूंचे पगार थकले, तरी पायऱ्या आणि छप्पर त्या भोवऱ्यात सापडू नयेत अशी ही रचना.

मग क्लबाने समर्थकांना सांगितलं: या, बांधू.

२००८ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. जुन्या पायऱ्या तोडायच्या, भराव घालायचा, नव्या पायऱ्यांचं काँक्रीट ओतायचं, तिन्ही बाजूंना छप्पर चढवायचं. जी कामं शिकलेल्या हातांची होती ती व्यावसायिकांनी केली, आणि संपूर्ण कामावर अभियांत्रिकी देखरेख होती. बाकीचं सगळं समर्थकांनी केलं. कोणी नोकरीवरून रजा काढून आलं, कोणी निवृत्त होतं, कोणाला काम नव्हतं म्हणून रोज यायचं. डोक्यावर हेल्मेट, हातात फावडं.

आकडा सांगतात तो असा: २,३०० च्या वर माणसं, १ लाख ४० हजार तास, १३ महिने. ऐकायला तो पर्वतासारखा वाटतो. फोडून पाहिला तर वेगळा दिसतो. माणशी साधारण ६१ तास होतात, म्हणजे आठ तासांचे सात-आठ दिवस. वर्षभरात आठवडाभर काम. दुसरीकडून पाहिलं तर तेरा महिने, रविवार धरून, दररोज सरासरी ४४ माणसं पूर्ण दिवस कामावर होती. अर्थात सगळ्यांनी सारखे तास दिले नसणारच. काही जण जवळजवळ तिथेच राहायला आले असतील आणि काही एका शनिवारी येऊन गेले असतील. पण सरासरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या गावात श्रमदान म्हटलं की एक दिवस ठरतो, दोनशे माणसं येतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर कोणी नसतं. क्योपेनिकमध्ये दोनशे माणसांच्या एका दिवसापेक्षा चाळीस माणसांच्या चारशे दिवसांवर काम उभं राहिलं.

रोज चाळीस माणसं आली तर त्यांना काय काम द्यायचं, हे आदल्या संध्याकाळी ठरलेलं असावं लागतं. साहित्य पोचलेलं असावं लागतं. जेवण तयार असावं लागतं. ज्याला काहीच येत नाही त्याला कोणाच्या हाताखाली लावायचं हे कोणाला तरी माहीत असावं लागतं. दूरवरून आलेला माणूस दोन तास बसून परत गेला तर तो पुन्हा येत नाही. श्रमदान फुकट असतं हा समज इथेच मोडतो. हात फुकट मिळतात, पण त्या हातांना काम लावणारा माणूस, अवजारं, सिमेंट, लोखंड, विमा यांना पैसे पडतात. गावच्या क्लबाने खर्चाचा अंदाज करताना 'मजुरी शून्य' लिहून देखरेखीचा रकाना कोरा ठेवला, तर तो अंदाज पहिल्या महिन्यात फसतो.

काम लांबलं, हेही नोंदवायला हवं. त्याच हंगामाच्या मध्यात परत यायचं अशी आशा होती. प्रत्यक्षात संपूर्ण २००८-०९ चा हंगाम युनियनला शहराच्या दुसऱ्या भागात, फ्रीडरिश लुडविश यान मैदानावर खेळावा लागला. जिथे बीएफसी डायनामोने आपल्या सद्दीच्या काळात सामने खेळले होते, तेच हे मैदान. युनियनच्या जुन्या माणसाला तिथल्या बाकावर बसताना काय वाटलं असेल, त्याची कल्पना करता येते. तरीही त्याच हंगामात संघाने तिसरी श्रेणी जिंकली आणि वर चढला. घरी पायऱ्या ओतल्या जात होत्या आणि बाहेर संघ जिंकत होता.

८ जुलै २००९ ला नवं मैदान उघडलं. पाहुणा होता शहरातला मोठा क्लब, हेर्ता. युनियन ३-५ ने हरला.

नाकारलेला पैसा

त्याच उन्हाळ्यात आणखी एक घडलं. क्लबाला नवा मोठा प्रायोजक मिळाला होता. पाच वर्षांचा करार, एकूण एक कोटी युरोंपर्यंत जाणारा. दुसऱ्या श्रेणीत नुकत्याच आलेल्या, बांधकामाने दमलेल्या क्लबाला ही रक्कम म्हणजे पावसाळ्यातलं कोरडं घर. मग बाहेर आलं की त्या कंपनीच्या वरच्या पदावरचा माणूस पूर्वी गुप्त पोलिसांत अधिकारी होता. क्लबाने करार मोडला.

मला हा निर्णय या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागाचा आणि सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ज्या माणसांनी नुकतेच १ लाख ४० हजार तास दिले होते, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या पोलिसांच्या राज्यात आयुष्य काढलं होतं. तो पैसा घेतला असता तर पुढच्या वेळी क्लबाने हाक मारल्यावर कोण आलं असतं? आपल्या गावात हा प्रसंग वेगळ्या रूपात येतो. क्लबाच्या जर्सीवर मटक्यावाल्याचं किंवा निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याचं नाव घालायचं का, असा प्रश्न येतो, आणि घाईच्या वेळी येतो. तेव्हा कमिटीने आधी आपल्या कामकऱ्यांकडे पाहावं, एवढंच मी सुचवेन.

तिसरी मागणी: पाचशे युरो

तीन बाजू झाल्या होत्या. चौथ्या बाजूचा जुना मुख्य स्टँड लाकडा-लोखंडाच्या काळातला राहिला होता. तिथे बसायच्या जागा, कपडे बदलायच्या खोल्या, पत्रकारांची सोय, कार्यालयं असं सगळं हवं होतं. हे काम फावड्याने होण्यासारखं नव्हतं. खर्च दीड कोटी युरोंच्या आसपास जाणारा.

आता क्लबाने स्टेडियमच्या कंपनीचे शेअर विकायला काढले. १ ते ३१ डिसेंबर २०११ एवढीच मुदत. एका शेअरची किंमत ५०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने तीस-पस्तीस हजार रुपये. एका माणसाला जास्तीत जास्त दहा. आणि घेणारा क्लबाच्या घरातलाच हवा, बाजारातून कोणीही येऊन उचलावा असा हा कागद नव्हता. जाहिरातीचं वाक्य होतं: 'आम्ही आमचा आत्मा विकतो आहोत. पण वाटेल त्याला नाही.' तेव्हाचे फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर आणि इटलीचे राजकारणी व मिलान क्लबाचे मालक सिल्विओ बर्लुस्कोनी यांचे चेहरे दाखवून सांगितलं होतं की हा शेअर यांच्यासाठी नाही.

विक्रीला होते १०,००० शेअर. विकले गेले ५,४७३. घेणारे ४,१४१. जमले २७ लाख ३६ हजार ५०० युरो.

या आकड्यांवर मी बराच वेळ घालवला आहे. घेणाऱ्यांच्या संख्येपेक्षा शेअर फक्त १,३३२ जास्त आहेत. म्हणजे एकापेक्षा जास्त शेअर घेणारे फार तर १,३३२ जण असू शकतात, आणि किमान २,८०९ जणांनी एकच घेतला. दहांची परवानगी असताना बहुतेकांनी एक घेतला. गुंतवणूक म्हणून कोणी घेतला असता तर असं दिसलं नसतं. लोकांनी तो आपल्या मैदानाचा सातबारा घ्यावा तसा घेतला. नफ्याच्या आशेने घ्यावा असा तो शेअर नव्हताच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. साडेचार हजार शेअर पडून राहिले. जमलेली रक्कम स्टँडच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. बाकीचा भार कर्जाने आणि क्लबाच्या इतर उत्पन्नाने उचलावा लागला. म्हणजे 'समर्थकांनी स्टेडियम विकत घेतलं' असं जे म्हणतात ते अर्धवट आहे. पण हातात २७ लाख आणि पाठीशी चार हजार मालक घेऊन बँकेत जाणं, आणि नुसता नकाशा घेऊन जाणं, यात फार फरक आहे. मला वाटतं, त्या शेअरचं मोठं काम तेच होतं.

आणि क्रम पाहा. हे शेअर २००४ मध्ये काढले असते तर? बनावट हमीचा इतिहास असलेला, घसरत चाललेला क्लब लोकांना पाचशे युरो मागतो आहे, कोणी दिले असते? २०११ मध्ये मागणाऱ्याच्या मागे नव्या पायऱ्या उभ्या होत्या, आणि देणाऱ्यांतल्या कित्येकांनी त्या स्वतः बांधल्या होत्या.

नवा स्टँड १२ जुलै २०१३ ला स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाविरुद्धच्या सामन्याने उघडला. विटांचा दर्शनी भाग ओबरशोनेवायडेच्या जुन्या कारखान्यांची आठवण करून देतो. मैदानाची क्षमता २२,०१२ झाली. त्यातल्या बसायच्या जागा ३,६१७, बाकी सगळे उभे. ज्यांनी बांधलं त्यांना उभं राहूनच सामना बघायचा होता, म्हणून तसंच राहिलं. संघ २०१९ मध्ये बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, पोचला. आता मैदान लहान पडतं. २०१७ मध्येच ते ३७,००० पर्यंत वाढवायचा बेत जाहीर झाला होता, आणि तो परवानग्यांमध्ये, रहदारीच्या प्रश्नांत वर्षानुवर्षं अडकला. ही चौथी मागणी क्लबाला कोणाकडे करायची आहे, आणि हजारो नव्या सदस्यांच्या या काळात ती जुन्या रीतीने करता येईल का, याबद्दल मला शंका आहे.

आपल्या मैदानाकडे

बर्लिनचा कायदा बर्लिनला. आपल्याकडे गावच्या क्लबाने काय बघायचं, ते मी जेवढं समजतो तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट जमीन. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे? गायरान असेल तर विशेष जपून. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबाबत शासन कडक झालं आहे, आणि चांगल्या हेतूने बांधलेली भिंतसुद्धा अतिक्रमण ठरू शकते. ग्रामपंचायतीचा तोंडी होकार हा हक्क नव्हे. गोव्यात कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेची, जागा असेल तर तिचे स्वतःचे नियम. मुदतीचा लेखी करार हातात येईपर्यंत कायमचं बांधकाम करू नये. तोवर सपाटीकरण, पाण्याचा निचरा, गवत, गोलपोस्ट ही कामं करावीत. ती वाया गेली तरी सोसतात.

दुसरी गोष्ट क्लबाचं रूप. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-क ची परवानगी घेतात, ते गावात सगळ्यांना माहीत असतं. मैदान हे दहा दिवसांचं काम नाही. क्लब रीतसर नोंदलेला हवा, दरवर्षी लेखापरीक्षण हवं, आयकर खात्याची ८०-जी मान्यता मिळवलेली असेल तर बाहेरगावच्या देणगीदाराला करसवलत मिळू शकते. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पैसे हवे असतील तर २०१३ च्या कंपनी कायद्याची सातवी अनुसूची वाचावी. त्यात ग्रामीण खेळांसाठी 'प्रशिक्षण' असा शब्द आहे. नुसत्या कुंपणासाठी अर्ज केला तर तो अडू शकतो. मुलामुलींच्या रोजच्या सरावाचा कार्यक्रम मांडून त्याचा भाग म्हणून मैदान मागितलं तर तेच काम पुढे सरकतं.

शेअरची कल्पना आपल्याला परकी नाही. ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदलेल्या क्लबाला भाग विकता येत नाहीत, पण सहकारी संस्थेला सभासदांचं भागभांडवल घेता येतं, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. राज्यातला पहिला, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ मध्ये शेतकऱ्यांच्या अशाच भागांवर उभा राहिला. मैदानासाठी हा मार्ग कोणी चोखाळावा असं मी सरसकट म्हणणार नाही, कारण साखर विकून उत्पन्न येतं आणि मैदानातून फारसं येत नाही. पण मैदानालगत सभागृह, व्यायामशाळा किंवा भाड्याने देण्याचे दोन गाळे असतील तर विचार करण्यासारखा आहे.

आणि मागणीचा क्रम. गावच्या क्लबाला सगळ्यांत आधी पैसे मागायचा मोह होतो, कारण पैशाने काम लवकर होतं. मी म्हणेन, आधी तास मागा. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्याकडे चार फेऱ्या मागा, गवंड्याकडे दोन रविवार, शाळेच्या मुलांकडे दगड वेचायची एक सकाळ, ज्या घरात विहिरीला पाणी आहे त्या घराकडे उन्हाळ्यात गवताला पाणी. मुंबईकरांना फोन त्यानंतर करा, आणि फोनवर सांगण्याऐवजी मैदानाचा फोटो पाठवा, ज्यात त्यांचा चुलतभाऊ घमेलं घेऊन उभा आहे.

त्या प्रत्येक तासाची नोंद ठेवा. क्योपेनिकमध्ये मैदानाजवळ एक स्मारक आहे: बांधकामावरचं मोठं हेल्मेट, आणि सोबत काम केलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची नावं. ती नावं पुढे कोरता आली याचा अर्थ, त्या तेरा महिन्यांत रोज सकाळी फाटकापाशी कोणीतरी वही घेऊन उभं होतं, आणि एका शनिवारी येऊन गेलेल्या माणसाचंही नाव तिच्यात उतरलं होतं.